पुन्हा येण्याची तारीख

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तेव्हा स्तनाच्या कर्करोगाविषयी, आणि तेही उपचार संपल्यानंतरच्या तपासण्यांविषयी, मी काय बोलणार, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल. डॉक्टरांचे काम डॉक्टरांनी करावे, हे खरेच. पण राजांचा आणि लढायांचा इतिहास असतो, तसा दुखण्यांचाही असतो. आणि या दुखण्याच्या इतिहासात, अगदी कोपऱ्यात का होईना, माझ्या हातचे एक पत्र आहे. त्या पत्रापासूनच सुरुवात करतो.

साल १९९१. आम्ही तेव्हा पुलगावला राहत होतो. वर्धा नदीजवळचे, मुंबई-नागपूर रेल्वेरस्त्यावरचे हे गाव. कापसाचे, गिरणीचे आणि दारूगोळ्याच्या डेपोचे गाव म्हणून आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक. माझे मोठे बाबा गिरणीत कामाला होते आणि मोठी आई घरची चार एकर शेती पाहत असे. १९८८ साली तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. गाठ लहान होती आणि लवकर ध्यानात आली, हे तिचे भाग्य. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मग किरणांचा उपचार झाला, ज्याला आपल्याकडे कुणी 'शेक' म्हणतात, कुणी 'लाइट' म्हणतात. मोठी आई घरी आली, चार महिन्यांत पूर्वीसारखी शेतावर जाऊ लागली. पहिली दोन वर्षे दिलेल्या तारखांना ती मुंबईला जाऊन आली. पुढे जाणे थांबले.

तेव्हा रुग्णालयातून एक छापील पत्र आले. पत्र इंग्रजीत होते. मी आठवीत, आणि घरात इंग्रजी वाचणारा काय तो मीच. अडखळत वाचले. तुम्ही ठरलेल्या तारखेस आला नाहीत, प्रकृती कशी आहे ते कळवावे, आणि तपासणीस यावे, असा मजकूर होता. मोठी आई हसली. म्हणाली, "लिही बाबू, माही तब्येत एकदम बेस हाये. कापूस वेचणीचे दिवस हायेत, आता येनं होत नाही." मी माझ्या चांगल्या अक्षरात तसे मराठीत लिहिले, खाली तिचे नाव घातले आणि पत्र टपालात टाकले. रुग्णालयाच्या वहीत तिच्या नावापुढे 'प्रकृती उत्तम' असे कुणीतरी लिहिले असेल. आणि ते खोटे नव्हते. तिला खरोखरच काही दुखत नव्हते.

दीड वर्षाने डाव्या बाजूला गाठ आली. तिने ती कुणाला दाखवली नाही. "ज्या बाजूचं होतं ते तर काढून टाकलं, आता ह्या बाजूले कायले होईल?" हा तिचा हिशेब. गाठ काखेत उतरली, हात सुजला, तेव्हा घरात कळले. १९९५ च्या उन्हाळ्यात ती गेली.

ती १९९१ साली मुंबईला गेली असती तर वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. इतिहासाच्या माणसाने 'असे झाले असते तर' या वाटेने फार चालू नये. पण ठरल्या तारखांना ती जात राहिली असती, तर डावीकडची गाठ सुपारीएवढी असतानाच कुणाच्या तरी हाताला लागली असती, हे बहुधा खरे आहे. ते पत्र लिहिणाऱ्या मुलाला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. 'बाई जिवंत आहे, बरी आहे' असे कळवणे आणि बाईने स्वतः जाऊन तपासून येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आज मला सांगायची आहे ती हीच गोष्ट. वैद्यकाला हा फरक कसा उमगत गेला, ते आपण पाहू.

पूर्वीच्या काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. या दुखण्याची शस्त्रक्रिया जुन्या काळीही होत असे, पण भूल नव्हती. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शल्यवैद्य लॅरे तिथे होता. बाई शुद्धीवर होत्या. पुढे काही महिन्यांनी आपल्या बहिणीला सविस्तर पत्र लिहून त्यांनी तो प्रसंग कळवला, म्हणून आपल्याला तो माहीत आहे. त्या पुढे अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्या आणि १८४० साली वारल्या. हे आपल्याला ठाऊक आहे, याचे कारण त्या नामांकित लेखिका होत्या. त्याच काळात अशा आणखी किती बायांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांतल्या किती वर्षभर जगल्या, किती दहा वर्षे, हे बहुतेक ठिकाणी कुणी लिहून ठेवले नाही. शल्यवैद्याचे काम टाका घालून संपत असे. बाई घरी गेली की ती त्याच्या इतिहासातून गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूल आली. मग जंतूंपासून जखम राखण्याची विद्या आली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात विल्यम हॉल्स्टेड नावाचा शल्यवैद्य होता. तो पूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सगळे एकदम काढीत असे. १८९४ साली त्याने आपल्या पन्नास रुग्णांचा अहवाल छापला. शस्त्रक्रियेच्या जागी दुखणे पुन्हा उद्भवले, अशा त्यांत तीनच. युरोपातल्या नामांकित शल्यवैद्यांच्या हातूनही निम्म्याहून अधिक बायांत ते त्याच जागी परतत असे. त्यामुळे हॉल्स्टेडची पद्धत जगभर पसरली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे तीच चालली.

पण ज्यांनी पुढली वर्षे मोजली, त्यांना दुसरी बाजू दिसू लागली. जागेवर दुखणे परतले नाही, तरी पुष्कळ बायांना ते पुढे हाडांत, फुप्फुसांत, यकृतात निघे. वर्षभराचा हिशेब चांगला दिसे, दहा वर्षांचा तितका चांगला दिसत नसे. तात्पर्य, उपचार चांगला की वाईट हे शस्त्रक्रियेच्या दिवशी कळत नाही. बाईचा पुढे मागोवा ठेवला तरच ते कळते.

ही गोष्ट हट्टाने सांगणारा एक माणूस बॉस्टन शहरात होऊन गेला. त्याचे नाव अर्नेस्ट कॉडमन. त्याचे म्हणणे अगदी साधे होते. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करा. काय दुखत होते, निदान काय केले, उपचार काय दिला, काय चुकले, हे सगळे त्यावर लिहा. आणि निदान एक वर्षानंतर त्या माणसाला गाठून विचारा, की बाबा, गुण आला का? नसेल आला, तर का नाही आला? १९११ साली त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले. पाच वर्षांत ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या बाबतीत १२३ चुका झाल्या, असे त्याने स्वतःच छापून टाकले! आपल्या चुका आपणच छापणारा माणूस शेजाऱ्यांना कसा रुचावा? त्याच्या भोवतालचे मोठे डॉक्टर रागावले, मित्र दुरावले, कमाई घटली. १९४० साली तो वारला, तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसवला गेला. पण रुग्ण घरी गेल्यावरही त्याची विचारपूस करणे हे रुग्णालयाचे काम आहे, हा विचार हळूहळू सर्वांनी उचलला.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईला परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. त्यामागे एका कुटुंबाचे दुःख होते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. कोणत्या समाजात, कोणत्या चालीरीतींच्या माणसांत कोणता कर्करोग अधिक, हे त्यांनी नोंदींवरून शोधायला सुरुवात केली. पारशी स्त्रियांत स्तनाचा अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक, अशा गोष्टी त्यातून पुढे आल्या.

परंतु रुग्णालयाच्या वहीत येते ते फक्त रुग्णालयात येणाऱ्यांचे. जे येत नाहीत त्यांचे काय? १९५१ साली डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली होती. तिच्या वतीने १९६३ साली मुंबईत एक नोंदवही सुरू झाली. एका ठरावीक वस्तीतल्या सगळ्या कर्करोग्यांची नोंद करणारी भारतातली ही पहिली. रुग्णालयांनी आपण होऊन कळवावे असा कायदा नव्हता. म्हणून नोंदवहीचीच माणसे रुग्णालयारुग्णालयांत जाऊन कागद पाहत आणि पालिकेच्या मृत्युनोंदी तपासत.

शहरात हे जमले. खेड्यात कसे जमावे? त्याचे उत्तर बार्शीने दिले. १९८७ साली तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात डॉ. भगवान नेने आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्या मेळाने भारतातली पहिली ग्रामीण नोंदवही निघाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील गावे तिने घेतली. तिथे रुग्णालयांतून कागद गोळा करून भागणार नव्हते, कारण पुष्कळ आजारी माणसे रुग्णालयापर्यंत पोचतच नसत. म्हणून नोंदवहीची माणसेच गावोगाव फिरली. सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटली. कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावर जाते आहे का, विचारू लागली. आणि मंडळी, एक मजेची गोष्ट घडली. माणसे निघाली होती नुसती मोजायला. पण विचारता विचारता लोक सावध झाले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. आपुलकीने विचारलेल्या प्रश्नानेही औषधाचे थोडे काम होते, ते असे.

आपल्या वर्धा जिल्ह्यालाही अशी नोंदवही आहे. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यांसाठी डॉक्टर घडवावेत म्हणून खेड्यातच काढलेले हे वैद्यकीय महाविद्यालय. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या कामातली वर्धा जिल्ह्याची वही २०१० पासून तिथे ठेवली जाते. पुलगावची, आर्वीची, देवळीची बाई आजारी पडली तर तिची एक ओळ त्या वहीत उमटते.

या वह्या काय सांगतात? देशातल्या ११ नोंदवह्यांनी २०१२ ते २०१५ या काळात स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांचा २०२१ पर्यंत मागोवा घेतला. दर शंभरांत सुमारे ६६ जणी पाच वर्षांनंतरही हयात होत्या. दुखणे स्तनापुरतेच असताना ज्या आल्या, त्यांच्यात हा आकडा ८१ होता. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ज्या आल्या, त्यांच्यात अवघा १८. लवकर येण्याची किंमत याहून स्पष्ट कोणी सांगावी?

मागोवा ठेवल्याने उपचार कसे पालटले, तेही ऐका. पूर्ण स्तन काढलाच पाहिजे का, ही शंका इटलीत मिलान शहरातल्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांना आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांना आली. व्हेरोनेसींनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात पूर्ण स्तन काढला. दुसऱ्यात गाठीसह काही भाग काढून उरलेल्याला शेक दिला. फिशर यांनी १९७६ पासून १,८५१ स्त्रियांवर तसाच अभ्यास केला. आणि मग काय केले? वीस वर्षे वाट पाहिली. २००२ साली दोघांचे निकाल एकदमच छापून आले. दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या. आज लवकर आलेल्या पुष्कळ बायांचा स्तन वाचतो, तो या निकालांमुळे. डॉक्टरांची नावे ग्रंथांत राहिली. पण त्या अडीच हजार बाया वीस वर्षे तपासणीला परत परत आल्या नसत्या, तर डॉक्टर तरी काय सांगणार होते? त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. मोठे काम त्यांचेही आहे.

आता कुणी विचारील, की मग परत परत जायचे ते कशाला? तिथे जाऊन सगळ्या अंगाची यंत्रे लावून घ्यायची का? इथे इतिहासाने एक अनपेक्षित उत्तर दिले आहे. खेड्यातल्या माणसाने ते मुद्दाम ध्यानात ठेवावे.

पूर्वी डॉक्टरांना वाटे की वारंवार छातीचे फोटो, हाडांचे फोटो आणि रक्ताच्या तपासण्या केल्या तर परतलेले दुखणे आधी सापडेल आणि बाई अधिक जगेल. वाटणे स्वाभाविक होते. १९९४ साली इटलीतले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १,३२० स्त्रिया होत्या, दुसऱ्यात १,२४३. निम्म्यांना या सगळ्या यंत्रतपासण्या नेमाने केल्या. उरलेल्या निम्म्यांना डॉक्टरांनी हाताने तपासले, विचारपूस केली आणि वर्षातून एकदा स्तनाचा क्ष-किरण फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, केली. पहिल्या अभ्यासात सुमारे सहा वर्षांनी पाहिले, तर यंत्रांच्या गटात शंभरात २० जणी दगावल्या होत्या आणि साध्या तपासणीच्या गटात १८. म्हणजे खर्च वाढला, धास्ती वाढली, आयुष्य मात्र वाढले नाही. दुसऱ्या अभ्यासाचेही तात्पर्य तेच.

दुसरा प्रश्न असा, की तपासायला मोठ्या शहरातला तज्ज्ञच हवा का? ईवा ग्रुनफेल्ड नावाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी इंग्लंडमध्ये आणि मग कॅनडात याचा शोध घेतला. कॅनडातला अभ्यास २००६ साली छापला गेला. लवकरच्या अवस्थेत उपचार झालेल्या ९६८ स्त्रियांपैकी निम्म्या कर्करोग केंद्राकडे जात राहिल्या आणि निम्म्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. नेहमीच्या डॉक्टरांना काय पाहायचे याचा एक पानाचा कागद दिला होता. दुखणे परतून गंभीर संकट ओढवल्याचे प्रमाण दोन्हीकडे शंभरात साडेतीनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

आपल्या मुंबईतही याला जोड मिळाली. १९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. २०२१ साली निकाल आला. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. हा अभ्यास निरोगी स्त्रियांचा होता, उपचार झालेल्यांचा नव्हे, हे खरे. पण शिकलेल्या हाताची किंमत त्यातून कळते.

तर मग करायचे काय? जगात आज सर्वसाधारणपणे मानली जाणारी रीत अशी. उपचारानंतर पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी. पुढे वर्षातून एकदा, आणि तेही कायम. मॅमोग्राफी वर्षाला एकदा. ती राखलेल्या स्तनाचीही आणि दुसऱ्या बाजूचीही, कारण एकदा हे दुखणे झालेल्या स्त्रीला दुसऱ्या बाजूला नवी गाठ येण्याचा संभव इतर स्त्रियांहून अधिक असतो. माझ्या मोठ्या आईचा हिशेब चुकला तो इथे. तक्रार काही नसेल तर इतर मोठे फोटो नेमाने काढत बसण्याची गरज नाही. आपल्या बाबतीत काही वेगळे हवे असेल तर ते आपले डॉक्टर सांगतील.

गोळ्यांचेही असेच. अनेकजणींना टॅमॉक्सिफेन किंवा तशी दुसरी गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात असे दिसले की ज्यांच्या गाठीला संप्रेरकांचा आधार असतो, त्यांना पाच वर्षांऐवजी दहा वर्षे टॅमॉक्सिफेन दिल्यास दुखणे परतण्याचे प्रमाण आणखी घटते. ही गोळी चालू असताना पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून रक्त गेले, तर लाजून लपवू नये, लगेच दाखवावे. दुसऱ्या जातीच्या काही गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, त्याची तपासणी डॉक्टर सांगतील तशी करावी.

'पाच वर्षं झाली, सुटलो' असे पुष्कळजण म्हणतात. तेही पुरते खरे नाही. २०१७ साली ६२,९२३ स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठी पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत, काहीजणींत परत आलेल्या दिसल्या. भिऊन राहावे म्हणून हे सांगत नाही. वर्षाची एक तारीख सोडू नये, एवढ्यासाठी सांगतो.

आणि दोन तारखांच्या मधल्या दिवसांत? शस्त्रक्रियेच्या वणावर पुळी किंवा गाठ, दुसऱ्या स्तनात किंवा काखेत गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे, न जाणारा खोकला, धाप, सततची डोकेदुखी, कावीळ, कारणाशिवाय वजन घटणे, यांतले काही दिसले तर तारखेची वाट पाहू नये. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जपावा. कापूस वेचताना बोंडाचे टोक लागते, चुलीचा चटका बसतो, काटा रुततो. जखम झाली तर धुवावी, आणि हात लाल, गरम किंवा जड वाटला तर दाखवावा. सूज लवकर आटोक्यात येते, उशिरा नाही. हाताचे शिकवलेले व्यायाम मात्र सोडू नयेत.

आता अडचणी. 'मुंबईले कोण जाईल?' हे मोठ्या आईचे म्हणणे खोटे नव्हते. सातशे किलोमीटरांहून लांबचा प्रवास, सोबतीला एक माणूस, हंगामाची मजुरी बुडालेली. पण आज पुलगावहून सेवाग्राम फार दूर नाही, आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. खुद्द राष्ट्रसंतांनाही १९६८ साली कर्करोगानेच आपल्यातून नेले. मुंबईला उपचार झाले असतील तर तिथल्या डॉक्टरांनाच विचारावे, की पुढच्या तपासण्या आमच्याकडे कुठे होतील, आणि तसा कागद लिहून घ्यावा. रेल्वेची सवलत नुसत्या उपचारासाठी नाही, ठराविक तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोग्यालाही आहे. स्लीपर वर्गात रोग्याला पूर्ण भाडेमाफी मिळते, सोबत्यालाही मोठी सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो, तो मागून घ्यावा. एस.टी.त तर २०२३ पासून सर्वच स्त्रियांना निम्मे भाडे आहे.

पैशापलीकडची एक अडचण आहे, ती लाजेची. बाई बरी झाली की घरात त्या दुखण्याचे नाव कुणी काढत नाही. सुनेच्या, मुलीच्या लग्नाच्या आड येईल म्हणून कागद ट्रंकेच्या तळाशी जातात. ते कागद वर काढा. शस्त्रक्रियेचा अहवाल, गाठीच्या तपासणीचा अहवाल, औषधांची यादी, सगळे एका पिशवीत ठेवा. नवा डॉक्टर त्याशिवाय अंधारात चाचपडतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. गावात कागद वाचून दाखवणारे तुम्हीच. आशाताई असते, परिचारिका असते, त्यांनाही तुमचा आधार लागतो. कुणी बाई रुग्णालयाचा कागद घेऊन आली, तर तो वाचून दाखवताना 'पुन्हा येण्याची तारीख' ही ओळ दोनदा वाचा. आणि पुढच्या वेळी भेटली की विचारा, गेली होतीस का? वर्गातल्या मुलाने घरचे पत्र वाचले असेल तर त्यालाही ही ओळ दाखवा. मला ती कुणी दाखवली नाही.

मोठी आई गेल्यावर तिची फाइल माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर तारखांचा रकाना आहे. १९८८ ते १९९० पर्यंत प्रत्येक तारखेपुढे डॉक्टरांची सही आहे. पुढली एक तारीख लिहिलेली आहे, तिच्यापुढे सही नाही. खालचा सगळा रकाना कोरा. इतिहास शिकवताना मी पुष्कळ कागद पाहिले, पण त्या कोऱ्या रकान्याइतके मला कशातून कळले नाही.

आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो, गॅसच्या टाकीची तारीख असते, मुलांच्या परीक्षा असतात. तुमच्या घरात, शेजारी, शाळेत असा उपचार झालेली कुणी बाई असेल, तर आज ही पुस्तिका बाजूला ठेवण्यापूर्वी तिची पुढची तारीख तिला विचारा. ती दिनदर्शिकेवर लिहा, आणि त्या दिवशी तिच्याबरोबर कोण जाणार, ते नावही शेजारी लिहा.